वरचा कप्पा

कोल्हापूर,
कार्तिक वद्य द्वितीया

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नोकरी सोडून फोटो काढत हिंडायचं म्हणालीस, मी नुसतं ‘बघू’ म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला, त्याचा तुला राग आला असणार. पुढचा अर्धा तास आईने जे ऐकवलं ते तू निमूटपणे ऐकलंस. मी शेजारीच बसून पासपोर्टचे फोटो कापत होतो, एका शीटचे आठ. मला फोनवर कधीच काही सुचत नाही. हात चालू असले की सुचतं, म्हणून हे लिहितोय.

नोकरी सोडायची तर सोड. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू धाकधूक न करता वाचशील. आईचं मी बघतो. तिचा राग नोकरीवर नाही, एकटीने हिंडण्यावर आहे, आणि तो दोन-चार दिवसांत उतरेल. न उतरला तरी डबा भरून देईलच.

तू पाठवलेली यादी मी काउंटरच्या काचेखाली ठेवलीय. स्पिती, काशीचे घाट, मेघालयातले मुळांचे पूल, हंपी. यादी चांगलीय. फक्त एक खुपलं. यातल्या प्रत्येक ठिकाणाचा फोटो मी आधीच पाहिलाय, आणि तूही पाहिलायस. पाहिलायस म्हणूनच तर तुला जायचंय. तिथे पोचल्यावर तुझे पाय आपोआप त्याच जागी जाऊन उभे राहतील. माझे राहिले होते, म्हणून सांगतो.

१९८८ साली मी हंपीला गेलो तो मित्राचा पेंटॅक्स उसना घेऊन. खिशात एक रोल, छत्तीस फ्रेमचा. दुसरा घ्यायचा तर होस्पेटला जेवायचे वांधे झाले असते. विठ्ठल मंदिराच्या आवारात शिरलो आणि समोर तो दगडी रथ. आता पन्नासच्या नोटेवर असतो तोच. भर दुपार, ऊन डोक्यावर, सावली नावाला नाही. असल्या उन्हात दगड सपाट दिसतो, त्याच्यावरची नक्षी मरते, हे तुझ्या आजोबांनी मला शंभरदा सांगितलं होतं. तरी मी तीस फ्रेम त्या रथावर घातल्या. उरलेल्या सहा मित्रांनी आपापले फोटो काढायला लावून संपवल्या.

संध्याकाळी विरूपाक्षाच्या देवळात गेलो. गाभाऱ्याच्या मागल्या बाजूला एक अंधारी खोली आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याने मला हाताला धरून आत नेलं आणि भिंतीसमोर आपलं उपरणं ताणून धरलं. त्या पांढऱ्या कापडावर बाहेरचं अख्खं गोपुर उलटं उतरलं होतं. कळस खाली, पाया वर. भिंतीतल्या एका लहानशा झरोक्यातून येणारा उजेड, बाकी काही नाही. भिंग नाही, फिल्म नाही, शटर नाही. ती खोलीच एक कॅमेरा आहे, आणि आपल्या धंद्याच्या कितीतरी आधीपासून ती रोज काम करतेय. मी गळ्यातल्या पेंटॅक्सकडे हात नेला आणि काउंटरवर छत्तीस दिसले. त्या म्हाताऱ्याला काय सांगणार? मान हलवली, दोन रुपये दिले, बाहेर आलो.

रथाचे तीस फोटो अजून आहेत. येशील तेव्हा बघ. एकही बरा नाही.

(तुझ्या कार्डात दोन हजार फोटो मावतात, तेव्हा ‘फ्रेम संपल्या’ ही अडचण तुला येणार नाही हे मला कळतं. पण मग बघायचं कधी?)

आता खिद्रापूरचं सांगतो. लहानपणी तुला दोनदा नेलंय, दोन्ही वेळा तू देवळाबाहेरच्या दगडी हत्तींना हात लावून मोजत बसलीस आणि दर वेळी आकडा वेगळा आला. कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप तुला आठवत असेल. अठ्ठेचाळीस खांब आणि छताच्या मधोमध गोल आकाश मोकळं. बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र डोक्यावर येतो आणि त्या गोलातून सरळ खाली उतरतो. हल्ली त्या रात्री तिथे माणसांपेक्षा ट्रायपॉड जास्त असतात. मी जायला लागलो तेव्हा कुरुंदवाडच्या पुढे रात्री वाहन मिळायची मारामार होती.

पहिल्या वर्षी ढग. दुसऱ्या वर्षी मी केबल रिलीज घरी विसरलो, चार मिनिटं बटण बोटाने दाबून धरलं आणि सगळं हललं. तिसऱ्या वर्षी चुकलो ते अक्कल चालवून. मला चंद्र आणि मंडप एकाच फोटोत हवे होते. आता विचार कर. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगडच. आपल्याला तो रात्री दिसतो, पण त्याच्यावर भर दुपारचं ऊन असतं. शंभरच्या फिल्मला त्याच्यासाठी शटर एकशेपंचवीसचा, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, आणि भिंगाचं छिद्र अकराचं, एवढं बास. खालचा मंडप काळा ठिक्कर, त्याला मिनिटं लागतात. मंडपासाठी थांबलं की चंद्र जळतो, शिवाय सरकतोही. आपल्याच रुंदीएवढं सरकायला त्याला दोन मिनिटं पुरतात. त्यामुळे माझ्या फोटोत चंद्राचा वडा झाला. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. आता तुम्ही दोन फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडता. जोडा. मला त्यात काही पाप वाटत नाही, आम्हीही पेन्सिलीने निगेटिव्हवर नवरीच्या गालाचे डाग घालवलेच की.

चौथ्या वर्षी मी वर बघायचं सोडून दिलं. माझा यशिका कॅमेरा खाली शिळेकडे वळवला, जिथे उजेडाचा गोल पडला होता. उजेड मोजायचा मीटर काही बोलेना. लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, मीटरने सांगितलं असतं तरी त्याहून जास्तच द्यावं लागलं असतं. अंदाजाने चार मिनिटं दिली. तेवढ्यात दोघं-तिघं मंडपातून आरपार चालत गेले, मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरी येऊन धुतलं तर त्या चालणाऱ्यांचा मागमूस नाही. गोलाची कड जराशी पुसट, कारण गोलही चार मिनिटांत सरकलाच होता. आणि कोपऱ्यात एका खांबाला टेकून झोपलेला राखणदार, जो मला तिथे असताना दिसलाच नव्हता, तो मुंडाशाच्या घडीसकट स्पष्ट आलेला.

तो फोटो मला आवडतो. स्टुडिओत लावलेला तोच. तुला वाटायचं की तो आजोबांनी काढलाय. नाही, माझाच आहे.

आजोबांवरून आठवलं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तिथून जाताना ते सायकलवरून उतरून हात जोडायचे. देवाला जोडायचे नाहीत इतक्या मनापासून. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी तो पुरा केला. ‘बाहेरून आणायची ऐपत नव्हती म्हणून घडवला’ असं आजोबा सांगायचे आणि वर माझ्याकडे बघायचे, म्हणजे मी नवीन लेन्स मागायची नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. आईलाही हे मी नीट सांगितलेलं नाही.

२०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरच्या बाजूने पाणी आलं तेव्हा तू पुण्यात होतीस. दुकानात छातीएवढं पाणी होतं हे तुला माहीत आहे. कॅमेरे, लाइट, प्रिंटर मी आदल्या रात्री रिक्षातून घरी आणले हेही माहीत आहे. निगेटिव्ह भिजले एवढंच तुला सांगितलं. कुठले भिजले ते नाही सांगितलं.

मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आठव. वरच्या कप्प्यात पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात माझं ‘काम’. हंपी, खिद्रापूर, बदामी, जोतिबाची चैत्र यात्रा, रंकाळ्याचा संध्यामठ पाणी आटल्यावर उघडा पडलेला. प्रदर्शन भरवीन कधीतरी म्हणून जपलेलं. आणि खालच्या तीन कप्प्यांत बटर पेपरच्या पाकिटांतून गिऱ्हाइकांचे निगेटिव्ह. लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती, शाळांचे ग्रुप फोटो. आजोबांपासूनचे. पाकिटावर आडनाव, गल्ली, तारीख.

पाणी उतरायला आठवडा गेला. मी शटर वर केलं तेव्हा वरचा कप्पा कोरडा होता. ट्रंकेवर धूळसुद्धा तशीच. खालचे तीन कप्पे म्हणजे एक लगदा.

भिजलेले निगेटिव्ह वाळू द्यायचे नसतात, हे मला माहीत होतं. वाळले की जिलेटिन कागदाला कायमचं चिकटतं. स्वच्छ गार पाण्यात बुडवून एकेक सोडवायचे, धुवायचे, दोरीवर टांगायचे. गावात प्यायला पाणी नव्हतं. टँकरच्या रांगेत मी निगेटिव्ह धुवायला घागर घेऊन उभा राहिलो, कशासाठी हे कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत थोडेफार हाती लागले. एक अजून डोळ्यासमोर आहे. उजेडाकडे धरला तर नवरीच्या पैठणीचा काठ धाग्याधाग्याने दिसत होता, हातातला हिरवा चुडा करडा पण एकेक बांगडी मोजावी असा, आणि मान संपल्यावर वर काही नाही. चेहरा वितळून एक थेंब होऊन खाली ओघळला होता.

आणि मग माणसं यायला लागली. शाहूपुरीतली, दुधाळीतली, पार शिरोळकडच्या गावांतली. घर पडलं, धान्य कुजलं, अल्बम वाहून गेले. ‘आमच्या लग्नाचे निगेटिव्ह तुमच्याकडे असतील ना?’ ‘आमच्या आप्पांचा एखादा फोटो? शाळेच्या ग्रुपमधला, लहान असला तरी चालेल, हार घालायला पाहिजे.’ जवळजवळ महिनाभर येत होती. एकानेही विचारलं नाही की तुमचा हंपीचा रथ सुखरूप आहे का.

चाळीस वर्षं मी ज्याला पोटापाण्याचं काम समजून खाली ढकललं, तेच लोकांना हवं होतं. वर काय ठेवायचं ते ठरवणारा मीच होतो, पुराला काय बोल लावायचा.

तेव्हा जा. स्पितीला जा, काशीला जा. हंपीला सकाळी दार उघडताच विठ्ठल मंदिरात हजर हो आणि ऊन चढलं की त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बस. पण घाटावर कुणाचा फोटो काढलास तर आधी विचार, आणि त्याला प्रिंट पोचव. मोबाइलवर नुसता पाठवू नकोस, कागदावर दे. पत्ता मागून घे. तुझ्या एका वर्षाच्या प्रिंटचा आणि पोस्टाचा खर्च माझा, बाकी मदतीची अपेक्षा ठेवू नकोस. पैसे संपले की इथे येऊन एक लग्नसराई काढ. प्री-वेडिंगला नाकं मुरडायची नाहीत. रंकाळ्यावर त्या जोडप्यांना फुगे धरून पळवायला मलाही आवडत नाही, पण वीज बिल त्यावरच भरलं जातं.

अंबाबाईच्या देवळातला नोव्हेंबरातला किरणोत्सव जमला तर गाठ, म्हणजे नऊ ते अकरा. नाहीतर एकतीस जानेवारी ते दोन फेब्रुवारी आहेच. गाभाऱ्यातल्या फोटोच्या नादी लागू नकोस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत निघतात तेव्हा देवीपर्यंत आपली सावली पोचू नये म्हणून माणसं दोन्ही बाजूंना अंग चोरून उभी राहतात. एरवी धक्काबुक्की करणारं आपलं गाव त्या पाच मिनिटांत काय शहाणं होतं! मला तो फोटो कधी साधला नाही. उजेड त्यांच्या अंगावर नसतोच, मधल्या मोकळ्या वाटेवर असतो. बघ तुला काय सुचतं ते.

एसटी पार्सलने यशिका पाठवतोय. तू मागितला होतास. जोतिबाला गेला होता त्याला आता वीस वर्षं झाली, तरी फोकसच्या चाकाच्या खाचेत गुलाल आहे, फिरवताना कुरकुरतो. कुणाला साफ करायला देऊ नकोस, चाललंय तसं चालू दे. पाचशेचा शटर आळशी झालाय, अडीचशेच्या पुढे जाऊ नकोस. पट्टा नवीन आहे. चप्पल लाइनमध्ये आपल्या नेहमीच्या माणसाकडून शिवून घेतला, कापशीच्या कातड्याचा. पहिल्या पावसात करकरेल, घाबरू नकोस.

आत रोल भरलेला आहे. बाराचा. तीन मी वापरलेत. कशावर ते विचारू नकोस, आईचा एक आहे एवढं सांगतो. नऊ उरलेत. ते संपेपर्यंत मागचं झाकण उघडू नकोस, आणि धुवायला पुण्यात देऊ नकोस. इथे घेऊन ये.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलमध्ये आईने लाडू ठेवलेत. म्हणजे राग उतरला.