झाडावरच्या अळिंबीविषयी मित्रास पत्र

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र मिळाले. वठलेल्या खोडावर एकावर एक थर रचल्यासारख्या उगवलेल्या त्या राखाडी अळिंब्या धिंगरीच्या, म्हणजे खाण्याजोग्या ऑयस्टर मशरूमच्या, वाटतात खऱ्या. परंतु निव्वळ छायाचित्रावरून "खुशाल खा" असे लिहायला माझा हात धजत नाही.

धिंगरीची छत्री शिंपल्यासारखी पसरट असते आणि देठ मधोमध नसून एका कडेला, आखूड, कधी जवळजवळ नसतोच. खरी ओळख मात्र छत्री उलटी केल्यावर पटते: खालच्या पांढरट पात्या देठापाशी थांबत नाहीत, त्याच्यावरून खाली उतरत जातात. तू छायाचित्र वरून काढलेस आणि नेमकी तीच बाजू झाकली गेली.

त्यानंतर बीजाणूंचा, म्हणजे पात्यांतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घे. एक छत्री कापून, पात्या खाली करून, निम्म्या काळ्या व निम्म्या पांढऱ्या कागदावर ठेव, वर वाटी पालथी घाल आणि रात्रभर हात लावू नकोस. मी पहिल्यांदा ठसा घेतला, तेव्हा सकाळी काळ्या कागदावर पात्यांची रेघन्‌रेघ पिठीसारखी उमटली होती, आणि पांढऱ्या बाजूला त्याच भुकटीत फिकट जांभळी झाक दिसत होती. ती पाहून झालेला आनंद मी अजून विसरलो नाही. ठसा तपकिरी आला, तर ती धिंगरी नव्हे.

फिकट ठशाने मात्र निर्धास्त होऊ नकोस, कारण ओम्फॅलोटस नावाच्या विषारी अळिंबीचा ठसाही फिकटच येतो. जपानात त्याच कुळातली त्सुकियोताके खाद्य अळिंबी समजून खाल्ली जाते आणि माणसे आजारी पडतात. तिचा देठ उभा चिरला की बुडाशी बहुधा काळसर डाग दिसतो. तिच्या पात्या अंधारात मंद उजळतात, पण उजेड दिसला नाही एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही.

झाड कोणते, हेही तू लिहिले नाहीस. सूचिपर्णी वृक्षांच्या कुजक्या लाकडावर पातळ, पांढरीशुभ्र अशी एक अळिंबी येते. जपानात ती आवडीने खाल्ली जात असे. २००४ साली मात्र तिच्यामुळे १७ जण दगावले, आणि बाधा झालेल्यांपैकी बहुतेकांना मूत्रपिंडाचा विकार होता. तुझ्या वडिलांची प्रकृती ठाऊक असल्यामुळे हे मुद्दाम लिहितो आहे.

तेव्हा पात्यांचे, चिरलेल्या देठाचे आणि ठशाचे छायाचित्र पाठव व झाडाचे नाव कळव. खूण पटली, तरी पहिल्या वेळी नीट शिजवून दोन घासच खा, आणि त्रास झालाच तर ओळख पटवता यावी म्हणून एक अळिंबी न शिजवता बाजूला ठेव. माझे उत्तर येईपर्यंत चूल पेटवू नकोस.

तुझा,
श्रीधर