लेव्हलची नळी कापून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे मिस्त्री म्हणत होते, मीही तेच म्हणालो. तळमजल्यावर ज्यांच्या बाथरूमचं काम होतं त्यांच्याकडे फक्त ठेकेदाराचा नंबर आहे आणि ठेकेदार काही फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. पुण्यात कोथरूडला काम करून गेलेले, सोलापूरकडच्या बोलीतले मिस्त्री कुणाच्या घरी फरशी बसवायला आले, तर एवढं त्यांना वाचून दाखवा.

आधी कबुली देतो. पहिल्या दिवशी फरशी कापायच्या मशीनची धूळ गाडीवर बसते म्हणून तक्रार झाली, ती मीच केली होती. तुम्ही एक शब्द न बोलता मशीन मागच्या बाजूला नेलंत, वर माझ्या गाडीवर रिकामं पोतं पांघरलंत. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीशेजारी मी डोकं धरून बसलो होतो आणि अख्खं पार्किंग निळ्या धुराने भरलं होतं.

झालं होतं ते असं. माझी मोटरसायकल रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर, दोन सिलेंडरची, ६४८ सीसीची. प्रत्येक सिलेंडरला हवा घ्यायला आपापली थ्रॉटल बॉडी, आत चकतीसारखी झडप. दोन्ही झडपा सारख्या उघडायला हव्यात. त्यांना जोडणाऱ्या दांड्यावर त्यासाठी एक बारका स्क्रू असतो. महिन्यापूर्वी सफाई करताना मी तो आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरावं ते ठरवणारा स्क्रू समजून फिरवला. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझ्या हाताच्या खाजेचा. तेव्हापासून सिग्नलला गाडी उभ्या उभ्या थरथरायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवली की धक्के द्यायची. कानाने जुळवायला गेलो तर तेही जमेना. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशांचा, म्हणजे ठोके मुळातच सारख्या अंतराने पडत नाहीत. एक अंतर २७० अंश, पुढचं ४५०. ठेका जन्मतःच लंगडा. त्यातलं लंगडणं किती कारखान्याचं आणि किती माझ्या कर्तृत्वाचं, हे कान कसं सांगणार?

म्हणून नळीचा उपाय. यू आकाराच्या पारदर्शक नळीत थोडं तेल भरायचं, एक टोक एका सिलेंडरच्या व्हॅक्यूमच्या निपलला, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ जिथे मिळते त्या तोटीला, दुसरं दुसऱ्याच्या. जी झडप जास्त मिटलेली, तिच्या मागे ओढ जास्त, तेल त्या बाजूला वर चढणार. दोन घड्याळांचा मीटर सेटही मिळतो, पण स्वस्तातली दोन घड्याळं एकमेकांशीच पटवून घेत नाहीत. इथे तेल एकच, त्याची दोन टोकं. खोटं बोलायला जागा नाही. पाण्याऐवजी टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल अशासाठी की चुकून इंजिनात गेलं तर जळून जातं.

गेलंच. फिश टँकची चार मिलिमीटरची नळी आणली होती, ती गरम निपलवरून सटकली आणि उघड्या टोकातून हवा शिरताच दुसऱ्या सिलेंडरने दोन चमचे तेल एका घोटात गिळलं. एका सायलेन्सरमधून निळा लोट, दुसरा स्वच्छ. वरच्या गॅलऱ्यांमधून विचारणा सुरू. प्लग काढून, इंजेक्टरची वायर सोडून सेल्फ मारला, उरलंसुरलं तेल बाहेर थुंकवलं. यात हसण्यासारखं फार नाही. पिस्टन अगदी वर आला की त्या सिलेंडरमध्ये ४० मिलिलिटरच्या आतच जागा उरते. नळीत तेवढं तेल असतं आणि ते सगळं आत गेलं असतं तर पिस्टन अडून त्याला क्रँकशी जोडणारा रॉड वाकला असता.

तेवढ्यात तुम्ही आलात. हाताला सिमेंट, खांद्यावर लेव्हलच्या नळीचं वेटोळं, पाणी भरून दोन ठिकाणची उंची जुळवायची ती. "काय करालाव ओ?" मी वैतागूनच सांगितलं. मनात होतं, यांना काय कळणार. तुम्ही उकिडवे बसलात, माझी नळी उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "हिच्यात बुडबुडे हायेत की. बुडबुडा असला की लेव्हल खोटी."

पुढचं मला तोंडपाठ आहे. माझी नळी बारीक, बुडबुडे तिला चिकटून बसणारच, असं म्हणून तुम्ही खांद्यावरच्या नळीतून हातभर नव्हे, चांगली दोन मीटर कापलीत. मी "अहो, अहो" करेपर्यंत ब्लेड फिरलंही होतं. ती फळीवर यू करून खिळ्यांनी अडकवली, तेल एका टोकाने सावकाश सोडलं आणि बोटाने टिचक्या मारत बुडबुडे वर घालवले. माझ्या बारक्या नळ्या तिच्या टोकांत घालून वर टेफ्लॉन. "आन् मधी बाटल्या घाला. गिळलं तर बाटलीत पडंल." मी प्लास्टिकच्या आणायला निघालो तर तुम्हीच अडवलंत, त्या ओढीने चपट्या होतील म्हणून. मग घरातल्या जॅमच्या दोन काचेच्या बरण्या, झाकणांना दोन-दोन भोकं, एमसील. ते सुकेपर्यंत तुमची जेवणाची सुट्टी संपली. तुमचा डबा उघडलाच गेला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पेट्रोलची टाकी मागून उचलून खाली लाकडी ठोकळा दिलेला. इंजिन गरम, समोर टेबल फॅन, कारण हे हवा-तेलावर थंड होणारं इंजिन उभ्या जागी फार तापतं. चालू केलं आणि तेल थुईथुई नाचायला लागलं. बाराशेच्या आयडलला एकेक सिलेंडर सेकंदाला दहा वेळा श्वास घेतो, तो प्रत्येक श्वास नळीत दिसत होता. रेघ मारणार कुठे?

तुम्ही काही न बोलता बारकी नळी अंगठ्याखाली घेतलीत आणि दाबलीत. पूर्ण नाही, जवळजवळ. तेल थांबलं. मग अगदी सावकाश डावीकडे चढत गेलं. लेव्हलची नळी घेऊन एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही टोकांवर अंगठा ठेवतात, तीच तुमची सवय. यासाठी मी चार दिवस इंटरनेटवर विकतची जेट, म्हणजे नळी आवळणारी बारीक भोकाची तोटी, शोधत होतो. तुमच्या अंगठ्याच्या जागी नंतर आपण फिश टँकचे दोन छोटे व्हॉल्व्ह बसवले, दोन्ही बाजूंना सारखे.

फरक वीतभर निघाला. टेपने २३ सेंटीमीटर. पाऱ्यात मोजला तर दीड सेंटीमीटरही भरत नाही, पण तेल हलकं म्हणून तो असा डोळ्यात भरतो. तेल चढलं डावीकडे, म्हणजे डावी झडप जास्त मिटलेली. मी स्क्रू पाव फेरा दिला तर तेल उलट्या बाजूला पळालं. पुन्हा दिला, पुन्हा इकडे. तिसऱ्यांदा हात जायच्या आत तुम्ही मनगट धरलंत. "बसू द्या की जरा. पाणी बसल्याबिगर रेघ मारत न्हाईत." तेव्हापासून पद्धत अशी: घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो तेवढाच स्क्रू फिरवायचा, मग एकदा थ्रॉटल देऊन सोडायचं, मग तेल बसेपर्यंत गप्प. तुम्ही डोळा फळीच्या उंचीला आणून कानामागची पेन्सिल काढायचात, दोन खुणा करायचात आणि फरक सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात सांगायचात. बारा सूत. सात सूत. चार. मधे दोनदा इंजिन बंद करून थंड केलं. तुम्हाला वरून हाका येत होत्या, तुम्ही "आलो" म्हणत होता आणि उठत नव्हता.

दोन सुतांवर तुम्ही थांबवलंत. पाव इंच तेल, पाऱ्यात अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. मला शून्य हवं होतं. "बाथरूमला बी येवढं चालतंय," म्हणालात आणि उठलात. निपल बंद केले, टाकी बसवली, सेल्फ मारला. आरशात मागच्या भिंतीवरची "नो पार्किंग"ची पाटी वाचता येत होती. गेला महिनाभर ती नुसती थरथरत होती.

पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलेत, चहा तेवढा घेतलात. वर्षभराने इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट (क्लिअरन्स) बघितली की हे जुळवणं पुन्हा तपासणार आहे. फळी आणि बरण्या माळ्यावर जपून ठेवल्यात. फळीवर तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्या पुसलेल्या नाहीत.

आणि हो, तुमची नळी आता दोन मीटर आखूड आहे. हार्डवेअरच्या दुकानातून नवी पंधरा मीटर आणलीय, त्याच जाडीची, मऊ बघून. वॉचमनच्या खोलीत दाराच्या खिळ्याला अडकवलेली आहे. दिवसपाळीचे असोत की रात्रपाळीचे, दोघांनाही सांगून ठेवलंय. डबा घेऊन या.

तुमचा,
धुळीची तक्रार करणारा, दुसरा मजला