लाकडी लाईटहाऊस पाडायच्या आधी ते ठोकून तरी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

बंदरातल्या जुन्या लाकडी लाईटहाऊसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, त्यात आता ओरिजिनल लाकूड उरलंय कुठे, मग कसला हेरिटेज, पाडा ते आणि तसंच दिसणारं काँक्रीटचं उभं करा. मी जन्मभर सुतारकाम केलंय, खाऱ्या हवेतलं लाकूड कसं जातं ते स्वतःच्या हाताने बघितलंय, त्यामुळे हे ऐकून गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र.

लाकडी इमारतीत लाकूड बदललं जाणारच. खांब जिथे दगडावर टेकतो तिथे पाणी साचतं, आणि लाकडाचं कापलेलं तोंड जेवढं पाणी पितं तेवढं अंग पीत नाही, म्हणून कूज बहुतेक वेळा बुडापासून लागते. वरून रंग एकदम चकाचक असतो, पण पटाशीच्या मुठीने ठोकलं की खाली भद्द आवाज येतो आणि दोन हात वर ठोकलं की तोच खांब खणखणीत वाजतो. म्हणजे गेलंय ते दोन हात. तेवढं कापायचं, त्याच जातीचं वाळलेलं लाकूड घेऊन तिरका सांधा करायचा आणि जोडायचं, बाकी खांब अजून कितीतरी वर्षं उभा राहतो. लोखंडी खिळ्यांचंही तेच, गंज धरला की ते फुगतात आणि फळी चिरते, पण वेळेवर बघितलं तर एक फळी बदलून भागतं. अशी दुरुस्ती करत करत ठेवणं हेच त्या इमारतीचं आयुष्य आहे, आणि ती कशी करायची ते ज्ञान त्या इमारतीवर काम करतानाच एका हातातून दुसऱ्या हातात जातं. काँक्रीटच्या कॉपीवर कुठला पोरगा तो सांधा शिकणार?

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. 1994 मध्ये जपानमध्ये नारा इथे जगभरच्या जाणकारांनी एक मसुदा केला, त्यात वास्तूचा अस्सलपणा नुसत्या जुन्या मालावर मोजू नका, आकार, वापर, बांधायची पद्धत, जागा हे सगळं धरा असं सांगितलंय. त्याच देशात साकाईच्या जुन्या बंदरात 1877 चं सहा बाजूंचं लाकडी लाईटहाऊस आहे, बांधताना गावच्या लोकांनी वर्गणी काढली होती. पुढे समुद्रात भराव पडत गेला, किनाराच लांब गेला आणि 1968 मध्ये दिवा बंद झाला. कामाचं राहिलं नाही म्हणून पाडायला ती वेळ अगदी सोयीची होती, पण 1972 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं, नंतर नीट दुरुस्तीही केली आणि ते आजही मूळ जागेवरच उभं आहे. आधी समुद्र कुठपर्यंत होता हे आता तो मनोराच सांगतो.

उलट मॅसॅच्युसेट्समधलं गर्नेट पॉइंटचं 1843 चं लाकडी लाईटहाऊस बघा. तिथे कडा ढासळत समुद्रच जवळ यायला लागला, मग 1998 मध्ये अख्खा मनोरा उचलून साधारण 140 फूट मागे नेला. जागा सोडली हे खरं, आणि मला स्वतःला जागा सोडलेली आवडत नाही, पण लाकडी कामाला हे चालतं. इंग्लंडमध्ये बर्नहॅमचं 1832 चं तर वाळूच्या किनाऱ्यावर नऊ लाकडी पायांवर उभं आहे, अशा मऊ जमिनीवर दगडाचं ओझं कशाला घालायचं, हा हिशोब तेव्हाच्या लोकांना बरोबर कळत होता.

आणि एक, ही वास्तू मुळातच कमी उरलेली आहे. आत रात्रभर ज्योत आणि भोवती लाकूड, काय होणार? इंग्लंडच्या एडीस्टोन खडकावरचा 1709 चा लाकडी मनोरा 1755 मध्ये दिव्याच्या खोलीत आग लागूनच जळाला. जी वाचली ती कोणीतरी रोज राखली म्हणून वाचली, ती आपण टेंडर काढून घालवायची का?

ज्यांच्या ताब्यात असं लाईटहाऊस आहे त्यांना एवढंच मागणं आहे की पाडायच्या कागदावर सही करायच्या आधी लाकडाचं काम जाणणाऱ्या माणसाला एक अख्खा दिवस आत सोडा. त्याला टॉर्च आणि पटाशी पुरते. त्याला एकेक खांब ठोकू द्या, कुजलंय तिथे खडूने खूण करू द्या, आणि मग त्या खुणा मोजा.

आपला,
एक वाचक