सहकार आयुक्तांना खुलं पत्र : ऑडिटमध्ये दिसलेला अपहार ठेवीदारालाही कळवा

मा. सहकार आयुक्त व निबंधक,
सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,
सविनय नमस्कार.

माझे वडील मंडईत कांदा-बटाटा विकायचे. रोज संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा, यायचा. आबा गल्ल्यातून आधी त्याचे शंभर रुपये बाजूला काढायचे, मग घरच्या दुधाचे. धंदा झाला नाही त्या दिवशी शेजारच्या गाळ्यावरून उसने घेतले, पण खंड पडू दिला नाही. त्याच पैशांची पुढे मुदत ठेव झाली. ती पावती आज आईच्या कपाटात साड्यांखाली आहे, घडीवर विरलेली. पतसंस्थेला कुलूप आहे.

कुलूप लागल्यावर आम्हाला कळलं की खोटी सोनेतारण कर्जं, संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली विनातारण कर्जं, हे सगळं आदल्या वर्षीच्या ऑडिटमध्ये आलं होतं. त्या वर्षभर आबांकडून पिग्मी रोज नेली जात होती! मला सर्वांत जास्त लागतं ते हेच.

सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे अपहार आढळला तर ऑडिटरने निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांच्या लेखी परवानगीने गुन्हा नोंदवायचा. पुढे कलम ८८ खाली जबाबदारी निश्चिती, म्हणजे नुकसान कोणाकडून वसूल करायचं ते ठरवणं. मालमत्ता जप्त करायला १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा, कायदा आहे. पण ठेवीदाराला यातलं काही कळतं ते कुलूप पाहूनच.

पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये गेला. तेवढी वर्षं पुणेकरांनी खेटे घातले. तरी तिथे पाच लाखांपर्यंत ठेवविमा होता. पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. आमच्या पतसंस्थेच्या पाटीवर मात्र ‘सतत ऑडिट वर्ग अ’ असं ठळक रंगवलेलं होतं, खाली नोंदणी क्रमांक. त्या क्रमांकाकडे बोट करून आबा म्हणायचे, “सरकारचं लक्ष आहे.”

माझी मागणी एकच. विशेष अहवाल दाखल होईल त्याच दिवशी संस्थेच्या प्रत्येक शाखेच्या दारावर नोटीस लावा आणि नव्या ठेवी, पिग्मी तिथेच थांबवा. घबराट पसरेल, लोक पैसे काढायला धावतील, असं उत्तर येईल. पण संचालकांच्या घरात ती बातमी आधीच पोचलेली असते. रांग लागणारच असेल तर आम्हालाही तिच्यात उभं राहू द्या.

आबा आता नाहीत. आईच्या पावतीची मुदत येत्या दिवाळीत संपते. तिला काय सांगू, ते आपण लेखी कळवावं.

आपला,
एका पिग्मी खातेदाराचा मुलगा, पुणे