रापणीवरची पोरं

वेंगुर्ले,
नोव्हेंबर अखेर

प्रिय पेद्रू,

तुझा लांबलचक ई-मेल मिळाला. मी त्याला पत्रच म्हणतो, कारण अजून 'वि. वि.' लिहून सुरुवात करणारा माझ्या ओळखीत तू एकटाच उरलायस.

धाकट्याला त्या ट्रेल लाइफच्या, म्हणजे तिकडच्या स्काउटसारख्या ख्रिस्ती मुलग्यांच्या संघटनेच्या, तुकडीत घातलंस, दुसरीत असल्यामुळे तो 'हॉक' म्हणजे ससाणा झालाय, आणि आता तिथली मंडळी तुलाच पुढारी हो म्हणून मागे लागलीत, हे वाचून मी पोट धरून हसलो. शाळेच्या कब-स्काउटच्या शिबिरात चूल पेटवताना धुराने रडवेला झालेला माणूस आता दक्षिण कॅरोलायनातल्या पोरांना शेकोटी पेटवायला शिकवणार! पुढारी व्हावं की नाही, असं विचारलंयस. हो, हो बाबा, नक्की हो. आणि आपल्याकडचं त्या पोरांना काय दाखवता येईल, हा जो दुसरा प्रश्न आहे, त्याच्यासाठी एवढा कागद.

तू पाठवलेलं सगळं वाचून काढलं. बॉय स्काउट्सनी 2013 साली सदस्यत्वाचे नियम बदलले, ते न पटलेल्यांनी वेगळी चूल मांडली आणि 1 जानेवारी 2014 पासून ही संघटना चालू झाली. त्या भांडणात मी पडत नाही. तुला ते जवळून दिसतं, मला इथून अर्धंमुर्धंच दिसणार. पुढारी होणाऱ्या मोठ्या माणसाने ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीवर सही करायची, पण मुलगा मात्र कुठल्याही धर्माचा चालतो, हे मला बरं वाटलं. बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या पोरांचे दोन-दोन इयत्तांचे गट केलेत, कोल्हे, ससाणे आणि डोंगरी सिंह, तेही शहाणपणाचं. सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा ही दोन वेगळी जनावरंच असतात.

आणि तो दोन मोठ्यांचा नियम. एकट्या मोठ्या माणसाने मुलांना घेऊन जायचं नाही, कायम दोघं तरी हवीत. हा मी इथे जसाच्या तसा उचलला. आपल्याकडे सगळी 'घरचीच माणसं' म्हणून असलं कोणी कागदावर आणत नाही. आणायलाच हवं. मी फादरांना तसं स्पष्ट सांगितलं, तेव्हा एकदोघांची तोंडं वाकडी झाली. होऊ देत.

बिल्ल्यांबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. छंद, खेळ, विज्ञान, परंपरा, रानातली कौशल्यं अशा एकेका फांदीचा एकेक बिल्ला. पोरांना बिल्ले आवडतात, मलाही आवडायचे. पण बिल्ल्यासाठी केलेलं काम आणि कोणाला तरी हवं असलेलं काम यातला फरक आठ वर्षांच्या पोराला बरोबर कळतो. उगाच लावलेल्या कामाला ते हातही उगाच लावतं.

आता इथली हकिकत ऐक. तुझ्या आधीच्या पत्रानंतर मी रविवारी मिस्सा झाल्यावर विषय काढला, की पहिली ते पाचवीच्या आपल्या मुलग्यांना महिन्यातून एकदा बाहेर काढू या. सगळे हो म्हणाले आणि लगेच एकाने एका रिसॉर्टचं पत्रक काढलं. झिपलाइन, रबरी बोट, दुपारचं जेवण, सगळं माणशी इतकं. मी नको म्हटलं. तारेला लटकून घसरत येणाऱ्या पोराला करायचं काय असतं? ओरडायचं, बस. शिवाय समुद्र दाराशी असताना पैसे कसले मोजायचे!

म्हणून आम्ही रापणीवर गेलो, किनाऱ्यावर उभं राहून मोठं जाळं ओढतात तिथे. रापणकरांशी आधी बोलून ठेवलं होतं. पोरांना दोरीला हात लावू देऊ, पण मध्येच सोडून पळाली तर चालायचं नाही, एवढीच त्यांची अट. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून आली, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर आल्या, आणि दोन्हीकडे माणसं लागली. आमची पोरं मध्ये मध्ये घुसवली. पहिली पाच मिनिटं मजा. मग हात सोलवटले, ओल्या दोरीने पोटावरचे सदरे भिजले, ऊन चढलं, आणि जाळं आहे तिथेच आहे असं वाटायला लागलं. आमच्या वाड्यावरचा एक तिसरीतला, घरी पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलणारा, दोरी धरून नुसता उभा होता. मागच्या म्हाताऱ्याने आवाज दिला, "नुसतो धरून काय उभो रवलंस? ओढ मा!" गड्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याचा बाप चार हातांवर उभा होता, तो पुढे व्हायला लागला. मी त्याचा दंड धरला. पोराने टाचा वाळूत रोवल्या, पाठ मागे टाकली आणि ओढायला लागला. तास-दीड तास त्याने दोरी सोडली नाही. कोणी शाबासकी दिली नाही, कारण सगळेच ओढत होते.

जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा तारली होती, थोडे पेडवे, मोजके बांगडे, आणि पोरांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे एक केंड. वाळूवर पडल्या पडल्या फुगून टम्म. पोरं भोवती गोळा झाली. रापणकराच्या पोराने, हा आमच्या कोणाच्याच वर्गातला नाही, त्यांना सांगितलं की हा खायचा नाही, विषारी असतो, आणि चोचीसारखे दात आहेत, बोट घालू नका. मग पायाने ढकलत ढकलत त्याने तो पाण्यात घालवला. खरं सांगू? त्या दिवशी त्या गाबताच्या पोरापुढे मी कसला पुढारी आणि फादर कसले! ट्रेल लाइफच्या शपथेत निर्मितीचा चांगला कारभारी होण्याचं कलम आहे ना, ते तिथे केंडाच्या निमित्ताने होऊन गेलं.

मग वाटे पडले. ओढायला लागलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळतं हे तुला माहीतच आहे. आमच्या पोरांनाही मूठ-मूठ तारली दिली, आणि ती मेहेरबानी म्हणून नव्हे, वाटा म्हणून. तो तिसरीतला पिशवी कोणाकडे देईना, बापाकडेसुद्धा नाही.

फादरांनी मग सुरूच्या सावलीत बसवून योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचला. तुझ्याच नावाचा माणूस, पेत्र, जाळं किनाऱ्याला ओढतो, त्यात 153 मोठे मासे असतात आणि जाळं फाटत नाही. फादर पुढे बोध करणार, तेवढ्यात चौथीतल्या एकाने हात वर केला. "फादर, वाटे कसे घातले?" फादर गप्प. पोरांनी पुन्हा वाचायला लावलं. होडीत शिष्य किती? सात. वाळूवर काटकीने भागाकार मांडला, एकवीस-एकवीस आले आणि सहा उरले. दुसरा म्हणाला, येशूचा वाटा धरला नाहीत. मग आठाने भागलं, एकोणीस-एकोणीस, उरला एक. तिसऱ्याने बिनतोड मुद्दा काढला, की येशूकडे निखाऱ्यावर आधीच मासे भाजत होते, त्याला वाटा कशाला? यावर जी जुंपली ती जुंपली. फादरांनी पुस्तक मिटलं आणि हसत बसले. माझ्या मते इतकं नीट ऐकलेलं वाचन आमच्या चर्चमध्ये बऱ्याच दिवसांत झालेलं नाही. म्हणून तुला सांगतो, तिथे भक्तीचा भाग तुझ्याकडे आला तर आधी घाम गाळू दे, मग वाच, आणि वाचून झाल्यावर तूच सगळं बोलू नकोस.

बापांचं मात्र अवघड आहे रे. बाप बरोबर हवेतच, पण आले की त्यांचे हात शिवशिवतात. गाठ सुटेना की बाप सोडवतो, चप्पल वाळूत रुतली की बाप काढतो. पुढच्या खेपेला मी सगळ्या बापांना दुसऱ्या टोकाच्या दोरीला लावणार आहे.

आणि माझी लेक. सहावीत आहे. डबा द्यायला म्हणून आईबरोबर आली आणि सरळ दोरीला लागली. संध्याकाळी जेवताना विचारते, "हे मुलग्यांचंच का?" मी तिला तुझ्याकडचं सांगितलं, की तिकडे मुलींसाठी अमेरिकन हेरिटेज गर्ल्स म्हणून वेगळी संघटना आहे, ती तर 1995 पासूनची, म्हणजे ट्रेल लाइफच्या कितीतरी आधीची. ती म्हणाली, "मग इकडे मुलींची रापण वेगळी असते का?" नसते. रापणीवर बायका कायमच असतात. लहान मुलग्यांना त्यांच्यापुरतं मोकळं रान मिळावं हे मला पटतं, मुली बघत असल्या की ही पोरं निम्मा वेळ शौर्य दाखवण्यात घालवतात. पण लेकीला द्यायला उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या बायकोला विचारून कळव.

आता तिथे शिकवण्याजोगं. भरतीचा हिशेब शिकव. तिथीला तिनाने गुणून चाराने भागलं की इथल्या भरतीची वेळ येते, थोडी इकडेतिकडे धरून. अष्टमीला चोवीस भागिले चार, सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पंचमीला पावणेचार. आमच्या चौथीवाल्यांनी कालनिर्णय काढून अख्खा महिना सोडवला, गणिताच्या बाईंना पत्ताच नाही. हा गुणाकार तुझ्या चार्ल्सटनच्या किनाऱ्याला जुळायचा नाही, बंदरागणिक वेळ बदलते. पण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि पुनवेला-अवसेला उधाण येतं हे तिथेही तसंच. पोरांनाच काठी रोवून खुणा करू देत आणि आकडा त्यांनाच शोधू दे.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत न्यायचा, म्हणजे खाली बसलेलं पाकट, तो शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जातं. तुझ्याकडेही पाकटं असतात, तेव्हा हे पहिल्याच दिवशी. इथे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नेताना मी फुरशाची भीती घालतो, आणि ती खरीच आहे. दगड उचलायचा नाही, कपारीत हात घालायचा नाही, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. तुझ्याकडचे साप कुठले ते तिथल्या जाणत्याला विचार आणि मोघम सांगू नकोस, जागा आणि रंग सांग. पोरांना तपशील दिला की ती ऐकतात, नुसतं 'सांभाळून' म्हटलं की ऐकत नाहीत.

नाताळला येतोयस ना? इथे नेवऱ्या-दोदोलची तयारी सुरू झालीय, आई तर तुझ्या नावाने वेगळा डबा भरायचं म्हणते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलास तर सकाळी कुडाळला उतर, मी गाडी घेऊन येतो. तिकिटं काढलीस की तारीख लगेच कळव, रापणकरांना आधी सांगावं लागतं. पोराला बूट नकोत, साधी चप्पल आण, आणि भिजले तरी चालतील असे कपडे. त्याच्या गणवेशाचा सदरा बिल्ल्यांसकट आणलास तरी हरकत नाही, आमच्या पोरांना बघायचाय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिंगेल