रिफंड कंपनीला की सरकारला, आणि बाटली घेणाऱ्याचं काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारू कंपनी आणि राज्य सरकार यांच्यात एक्साइजच्या, म्हणजे दारूवरच्या उत्पादन शुल्काच्या, रिफंडवरून कोर्टात केस चालू, कंपनीला इतके कोटी परत पाहिजेत, अशा बातम्या अधूनमधून पेपरात येतात आणि लोक पान उलटून पुढे जातात, कारण पैसे कंपनीकडे गेले काय नि सरकारकडे राहिले काय, आपल्याला काय त्याचं. मी मालवणात राहतो, वाइन शॉप, बिअर शॉपी आणि परमिट रूमवाल्यांचे हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे मी ह्या बातम्या शेवटपर्यंत वाचतो आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते की भांडणात पार्ट्या दोनच, ज्याच्या खिशातून तो टॅक्स गेला तो माणूस त्यात कुठेच नाही.

हा टॅक्स भरतो कोण ते आधी बघा. दारूवरची एक्साइज दुकानात लागत नाही, माल फॅक्टरीतून किंवा बॉण्डमधून (ड्युटी न भरलेला माल ठेवायच्या सरकारी देखरेखीतल्या गोदामातून) बाहेर काढायच्या आधी ती भरावी लागते, मग परमिट, मग गाडी सुटते. म्हणजे कागदावर भरणारी कंपनी. पण ती रक्कम किमतीत धरलेली असते, कंपनीकडून होलसेलर, त्याच्याकडून दुकानदार, असं करत करत ती शेवटी गिऱ्हाइकाकडे येऊन थांबते. एखादी क्वार्टर (180 मिलीची बाटली) हातात घेऊन नीट बघा, बुचावर होलोग्रामची पट्टी, लेबलवर फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी असं छापलेलं, आणि एमआरपी सर्व करांसहित. त्यातली एक्साइज किती, ते मात्र कुठेच नाही! जून 2025 मध्ये सरकारने लिटरमागे 260 रुपयांपर्यंत निर्मिती खर्च असलेल्या विदेशी दारूची (म्हणजे इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) ड्युटी, म्हणजे हीच एक्साइज, खर्चाच्या तिप्पट होती ती साडेचारपट केली, देशीची प्रूफ लिटरला (दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर मोजलेल्या लिटरला) 180 रुपयांवरून 205 वर नेली, आणि विदेशीची क्वार्टर कमीत कमी 205 रुपयांवर गेली. आमच्या बंदरात होडी लागली की खलाशी काउंटरवर येतो, "क्वार्टर आता परवडणा नाय" म्हणतो आणि तरी पैसे ठेवतो. ह्या 205 रुपयांत मोठा वाटा ड्युटीचा, आणि तो त्याने भरला, कंपनीने नाही.

आता समजा कंपनी कोर्टात गेली आणि ड्युटी चुकीची लावली होती असं ठरलं, तर पैसे कोणाला द्यायचे? ह्यावर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1996 मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या केसमध्ये 9 न्यायाधीशांच्या बेंचने सांगून ठेवलंय की ज्याने टॅक्सचा बोजा पुढे गिऱ्हाइकावर ढकलला त्याला रिफंड नाही, आणि बोजा आपणच सोसला हे मागणाऱ्याने सिद्ध करायचं. ती केस सेंट्रल एक्साइजची, म्हणजे केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्काची, दारूची नव्हे, पण 2005 मध्ये गुजरातच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या केसमध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की कायद्यात तसं कलम असो वा नसो, तत्त्व लागू आहेच. मला हे शंभर टक्के पटतं. गिऱ्हाइकाकडून एकदा वसूल करायचं आणि वर सरकारकडून परत घ्यायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

पण त्याच मफतलाल निकालात पुढे असंही आहे की हे तत्त्व सरकारला लावता येत नाही, कारण सरकार म्हणजे जनता आणि जनतेला फुकटचा फायदा झाला असं कोणी म्हणू शकत नाही. कोर्टाचा पूर्ण मान राखून सांगतो, इथे मला पटत नाही. संविधानाचं कलम 265 म्हणतं कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही टॅक्स लावायचा किंवा वसूल करायचा नाही, मग चुकून वसूल झालेला पैसा सरकारने नुसता ठेवून कसा घ्यायचा? सगळी जनता वेगळी आणि ज्यांनी बाटलीमागे तो पैसा दिला ती माणसं वेगळी, आणि त्यात मजुरी करणारेच जास्त.

आणि सरकारकडे पैसा राहतो तो कसा, त्याची दोन उदाहरणं देतो. मध्य प्रदेशात दारूच्या ठेकेदारांकडून लिलावाच्या रकमेवर साडेसात टक्के मोहफुलं आणि जळणाचा सेस (जादा कर) घ्यायचे, 1961 मध्ये तिथल्या हायकोर्टाने तो बेकायदा ठरवला, एका फर्मने परत मिळायला 1964 मध्ये दावा लावला आणि 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपून गेली होती. सेस बेकायदा, तरी पैसे सरकारकडेच. त्याच 1989 साली सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या केसमध्ये इंडस्ट्रियल अल्कोहोलवरची (कारखान्यात वापरायच्या, न पिण्याच्या अल्कोहोलवरची) राज्यांची वसुली 7 न्यायाधीशांनी बेकायदा ठरवली, पण आधी घेतलेलं परत द्यायची गरज नाही असंही सांगितलं (तो निकाल 2024 मध्ये 9 न्यायाधीशांनी फिरवला, 8 विरुद्ध 1). एवढ्या सगळ्यात गिऱ्हाइकाचं नाव कुठे आलं का?

कंपन्यांचं सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. मुदत संपलेली बिअर एक्साइजच्या साहेबांसमोर ओतून टाकतात, ती कोणी विकत घेतलेलीच नाही, वाटेत फुटलेला माल तसाच, तिथे ड्युटीचा बोजा खरोखर भरणाऱ्यावर पडलेला असतो. अशा केसमध्ये रिफंड किंवा क्रेडिट वेळेत, व्याजासकट मिळायलाच पाहिजे, नाहीतर छोटा माणूस मारला जातो. मोठी कंपनी वीस वर्षं वकील ठेवू शकते, तालुक्याच्या गावातला परमिट रूमवाला नाही ठेवू शकत. त्याला उलट पलीकडच्या स्वस्त मालाशीही झगडायचं असतं, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात येतात. म्हणजे जो नियमाने दुकानातून घेतो तो पूर्ण ड्युटी भरतो आणि रिफंडच्या वेळी त्यालाच कोणी विचारत नाही.

मग करायचं काय, कारण प्रत्येक क्वार्टरवाल्याला शोधून दहा-वीस रुपये परत देता येत नाहीत हे मलाही कळतं. केंद्राने सेंट्रल एक्साइजच्या कायद्यात 1991 मध्येच वाट काढली, बोजा पुढे ढकलला असेल तर रिफंडची रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. दारूच्या ड्युटीतही राज्याने तेच उघडपणे करावं, रक्कम कंपनीला नाही आणि तिजोरीतही मिसळायची नाही, वेगळी ठेवायची आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांवर खर्च करायची, कारण पैसे देणाऱ्यातल्या कितीतरी घरांना त्याचीच गरज आहे, हिशेब लिहिताना उधारीच्या वहीत तीच तीच नावं बघून मला ते चांगलं ठाऊक आहे. आणि लेबलवर एमआरपीच्या खाली एक्साइजचा आकडा छापायला सांगावं, शाईचा खर्च तेवढा, पण मग बोजा कोणी सोसला ह्यावर वाद घालायलाच जागा राहणार नाही.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या आमदारांनी विधानसभेत एक साधा प्रश्न विचारावा, दारूवरच्या ड्युटीच्या रिफंडच्या किती केसेस आज चालू आहेत आणि एकूण रक्कम किती. आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही एक विनंती आहे, पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा कंपनीने ती ड्युटी गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल केली होती का, एवढं एक वाक्य त्यात टाका.

आपला,
एक वाचक, मालवण