गवंडीमामा, ते अर्धे डबे

गवंडीमामा, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. नाव मुद्दामच लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही कामावरून पळून जाता, हे पाहिलंय.

वाईच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत तुम्ही मार्चमध्ये हातात घेतलीत. त्याआधी दोघे कंत्राटदार येऊन गेले होते. एकाने सिमेंटचा जाड गिलावा चढवला, दुसऱ्याने त्यावर वॉटरप्रूफ रंग फासला आणि ‘आता दहा वर्षं बघायला नको’ म्हणून पैसे घेऊन गेला. दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. फोन केला तर म्हणे, जुनं घर आहे, पाडून टाका! आई काही बोलली नाही, पण आठवडाभर धड जेवली नाही.

तुम्ही गिलाव्यावर बोटांनी टकटक केलीत आणि एवढंच म्हणालात, ‘भिंतीचं नाक दाबलंय.’ जुन्या मऊ विटा, चुन्यातलं बांधकाम. ओलीला बाहेर पडायला वाटच नाही, मग लोणा, म्हणजे ओलीतला क्षार, विटेच्या आत फुटतो आणि विटेचा भुगा होतो. पन्नाशी उलटल्यावर मला हे कळलं. सिमेंट उतरवून विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, तुम्ही चुना-सुर्खीने, चुना आणि विटेच्या पुडीने, भरल्यात. एकाच अंगाने झडलेल्या विटा तर फेकूही दिल्या नाहीत, फिरवून परत बसवल्यात.

पण मामा, मनातून जात नाहीत ते डबे.

उन्हाने चुना झटकन सुकू नये म्हणून भिंतीवरचं गोणपाट ओलं ठेवायचं होतं. तुम्ही गेल्यावर ते काम आईकडे. पहिल्या दिवशी तिला बादली उचलताना तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या दिवसापासून निघताना रंगाचे रिकामे डबे धुऊन, अर्धेच भरून, भिंतीलगत ओळीने ठेवायला लागलात. तिला एक शब्द न बोलता. रोज पुण्याहून फोन करून ‘आई, जड उचलू नकोस’ सांगणारा मी, आणि डबे भरणारे तुम्ही.

यंदा पावसात भिंत भिजली, आणि वाळलीसुद्धा.

आता न्हाणीची भिंत राहिली आहे. दिवाळीनंतर कळीचा चुना पाण्यात विरवू म्हणाला होतात. पिंप आणून ठेवलंय. विरताना चुना उकळतो, म्हणून प्लास्टिकचं नाही, लोखंडी.